अर्ध्या लिटरचा पंचनामा

अंबरनाथ पश्चिमेला दुधात पाणी आहे का, हे ठरवण्याआधी नळाला पाणी आलं होतं का, हे विचारावं लागतं. उन्हाळ्यात बारवी धरण खाली गेलं आणि पाणीकपात जाहीर झाली, की कपातीच्या दिवशी चहा दाट होतो, असा आमच्या इमारतीतल्या बायकांचा ठाम अनुभव आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा हे दूधवाल्याला तोंडावर सुनावलं. तो कॅनचं झाकण पुसत शांतपणे म्हणाला, "काकू, कपातीच्या दिवशी तुम्हीच चहात पाणी कमी घालता." यावर काकूंना अजून उत्तर सापडलेलं नाही. त्या शोधात आहेत.

आमच्या गावाची वाटणी रेल्वेच्या रुळांनी केली आहे. प्राचीन शिवमंदिर पूर्वेला गेलं. १०६० सालचा शिलालेख, शिलाहारांची कलाकुसर, वालधुनीचा काठ, सगळं तिकडे. पश्चिमेच्या वाट्याला ऑर्डनन्स फॅक्टरी, नगरपरिषद, छाया रुग्णालय, विम्को नाका आणि दुधावर मतं असलेली माणसं आली. महाशिवरात्रीला इकडचं दूध तांब्यातांब्याने तिकडे पिंडीवर जातं. साडेनऊशे वर्षांत महादेवाने फॅटची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला कुठलं दूध येत असेल हे चाणाक्षांना सांगायला नको.

बाकी आम्ही सगळे तक्रारखोर. दूध तपासायचं शिक्षण इथे घरातच मिळतं. आजी बोट बुडवून थेंब नखावर धरते. ओघळला तर पाणी, थांबला तर दूध. सासू सायीवरून निकाल देते, पण तो निकाल दुपारी लागतो आणि तोवर दूध संपलेलं असतं. सून दूध उतू जायला किती वेळ लागतो यावरून अंदाज बांधते. मोबाइल हातात असल्याने ते उतू गेल्यावरच कळतं, ही गोष्ट वेगळी. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही घरगुती चाचण्यांची पुस्तिका काढली आहे. तीत म्हटलंय, दुधाचा थेंब गुळगुळीत, तिरक्या पृष्ठभागावर सोडा. शुद्ध दूध हळूहळू, मागे पांढरी रेघ ठेवत जातं. पाणी घातलेलं सरसर निघून जातं, मागे काही ठेवत नाही. चाचणी उत्तम आहे. अडचण एवढीच, की आमच्या इमारतीत गुळगुळीत आणि तिरका असा एकच पृष्ठभाग आहे, बाथरूमची फरशी, आणि तीही बिल्डरने मोरीच्या विरुद्ध दिशेला तिरकी करून ठेवली आहे. आयोडीनची चाचणीही त्या पुस्तिकेत आहे. दुधात पिठूळ भेसळ असेल तर ते निळं पडतं. एका घरात ती करून पाहिली. दूध निळं पडलं नाही, पण प्यायलाही कोणी तयार होईना.

या सगळ्या हौशी मंडळींत खरे व्यावसायिक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा. आप्पा ऑर्डनन्समध्ये इन्स्पेक्शनला होते. उभं आयुष्य गेज लावून माल पास-नापास करण्यात गेलं. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी लॅक्टोमीटर आणला. काचेची ती बारीक नळी रुमालात गुंडाळून आप्पा सकाळी गेटपाशी उभे राहतात. दूधवाला वांगणीकडून येतो. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन, हँडलला मापं लटकलेली. आप्पांच्या हातात नातवाचा जिमचा शेकर असतो, कारण घरातल्या कुठल्याही पेल्यात लॅक्टोमीटर तळाला टेकतो आणि टेकला की आकडा खोटा. शेकरमध्ये दूध ओतलं की आधी फेस. फेस बसेपर्यंत थांबायचं. मग नळी सोडायची, ती दोनदा डुबक्या मारते, शेकरच्या भिंतीला चिकटते, आप्पा तिला करंगळीने सोडवतात, चष्मा कपाळावर चढवून डोळा दुधाच्या पातळीला आणतात आणि म्हणतात, "सव्वीस." मागे पातेली घेऊन उभ्या असलेल्या बायका विचारतात, "म्हणजे पास का नापास?" आप्पा म्हणतात, "तापमान बघावं लागेल." लॅक्टोमीटर ठरावीक तापमानाला आखलेला असतो, हे आप्पांना माहीत आहे. त्यासाठी थर्मामीटर लागतो. घरात आहे तो तापाचा, आणि सूनबाई तो दुधात घालू देत नाही. त्यामुळे निकाल रोज राखून ठेवला जातो.

दूधवाल्याची यावर काही हरकत नसते. त्याला लॅक्टोमीटरचं शास्त्र आप्पांपेक्षा जास्त कळतं. दुधात पाणी घातलं की आकडा उतरतो. मलई काढली की आकडा चढतो, कारण स्निग्धांश हलका आणि बाकीचा घन भाग जड. म्हणजे जो माणूस फक्त पाणी घालतो तो पकडला जातो. जो मलईही काढतो आणि पाणीही घालतो, तो सन्मानाने निर्दोष सुटतो. शिवाय साखर, मीठ, युरिया यांनीही आकडा वर येतो. एक अपराध केल्यास पकडणारं आणि दोन केल्यास सोडून देणारं असं दुसरं उपकरण माझ्या पाहण्यात नाही. आमचा दूधवाला यातलं काही करतो, असा आरोप मी करणार नाही. तो भला माणूस आहे आणि महिन्याच्या शेवटी उधारी मागताना आवाज खाली ठेवतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं, हा विषय आप्पांच्या शेकरवर सोडण्यासारखा नाही, रीतसर तक्रार झाली पाहिजे. आता प्रश्न आला, कोणाकडे? आणि इथून गोष्ट रंगत गेली. दुधाचा दर्जा अन्न व औषध प्रशासनाकडे. त्यांचं कार्यालय ठाण्याला. दूध मोजायचं माप वैधमापनकडे; त्या मापावर त्यांचा शिक्का हवा. दूध देणारी म्हैस पशुसंवर्धनकडे. म्हशीचं शेण रस्त्यावर आलं तर नगरपरिषदेकडे, नदीत गेलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. दूधसंघ आणि शीतकरण केंद्रं दुग्धव्यवसाय विकासकडे. म्हणजे म्हशीपासून पातेल्यापर्यंत दूध अखंड धारेने येतं, पण सरकारदरबारी त्याचे इतके तुकडे पडलेले असतात की कुठला नासला हे कळू नये. हे शासनालाही जाणवलं असावं, कारण २०२३ साली दूधभेसळ रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक समिती नेमली गेली. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी. सदस्यांत पोलीस, अन्न व औषध, पशुसंवर्धन, वैधमापन आणि दुग्धव्यवसाय विकास यांचे अधिकारी. एवढी मंडळी एकाच वेळी एका कॅनभोवती उभी राहिली, तर बाकी काही नाही तरी कॅनवर सावली पडून दूध थंड राहील.

थट्टा सोडा. नमुना घेण्याची कायदेशीर पद्धत वाचली आणि मला त्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याबद्दल कणव वाटली. समजा, पहाटे साडेपाचला विम्को नाक्यावर त्याने एक दूधवाला थांबवला. आधी ओळखपत्र. मग नोटीस. मग पंच, म्हणजे साक्षीला कोणीतरी तिऱ्हाईत माणूस. आता पहाटे साडेपाचला विम्को नाक्यावर असलेला माणूस एक तर लोकल पकडायला धावत असतो किंवा लोकल चुकली म्हणून शिव्या देत असतो. त्याला "जरा साक्षीला थांबा" म्हटल्यावर आधी धावत नसलेलाही धावू लागतो. पंच मिळाला, की दूध विकत घ्यायचं. हो, विकत. नमुन्याची किंमत चुकती करावी लागते आणि तशी पावतीही घ्यावी लागते. दूधवाल्याने जन्मात पावती फाडलेली नसते. त्याचा सगळा हिशेब गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरवर, खाड्यांच्या फुल्यांत.

मग दूध ढवळून अर्धा लिटर घ्यायचं. त्याचे चार सारखे भाग करून चार स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत भरायचे. लेबल, वेष्टन, दोरा, लाख, मोहर, सह्या. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा, दूधवाल्याने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. आणि खरी गंमत पुढे आहे. दूध नासू नये म्हणून प्रत्येक २५ मिलिलिटरमागे दोन थेंब या हिशेबाने त्यात फॉर्मॅलिन घालायचं. तेच फॉर्मॅलिन, जे दूधवाल्याने घातलं तर गुन्हा. म्हणजे कॅनमध्ये ते सापडलं तर दूधवाला अडकतो आणि सरकारी बाटलीत सापडलं नाही तर अधिकारी. एकाच नाक्यावर, एकाच दुधात, एकाच सकाळी. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे बंदुकीच्या गोळीलाही इतके सोपस्कार नव्हते."

विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, असं नियम म्हणतो. विक्रेत्याला तो मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील. १४ दिवसांत त्याच कॅनमधलं उरलेलं दूध चहा, दही, ताक आणि कढी या चारही भागांतून जाऊन कधीच निकालात निघालेलं असतं.

जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'फूड इन्स्पेक्टर' आहे. तो १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यातला. त्या कायद्याखाली दुधात पाणी घालणारा तुरुंगात जाऊ शकत असे. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि हिशेब बदलला: दूध आरोग्याला घातक असेल तर तुरुंग, नुसतं पातळ म्हणजे कमी दर्जाचं असेल तर पाच लाखांपर्यंत दंड. कायदा आला तेव्हा वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला शंभर रुपयांत नोंदणी करता येत होती, आणि नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक मिळायचा. परवान्याचा क्रमांक १ ने सुरू होतो आणि नोंदणीचा २ ने, ही माहिती मी सेक्रेटरींना दिली. तेव्हापासून ते ब्रेडपासून फरसाणापर्यंत प्रत्येक पाकिटाचा पहिला आकडा बघून समाजातलं त्याचं स्थान ठरवतात.

जुना कायदा कडक होता खरा, पण त्याची चाल बघा. उत्तर प्रदेशात १९९५ साली एका विक्रेत्याकडून दुधाचा नमुना घेतला. फॅट ४.६ टक्के निघालं, तिथे तक्रार नव्हती. फॅटखेरीजचा घन भाग ८.५ टक्के हवा तो ७.७ निघाला. हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली लागला २०१९ मध्ये. फरक किरकोळ असला तरी भेसळ ती भेसळच, असं सांगून न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा कायम ठेवली. म्हणजे ०.८ टक्क्याला २४ वर्षं. ते दूध ज्या पोराने प्यायलं असतं, त्याच्या पोरालाही एव्हाना बाटली लागली असती.

आणि एवढं सगळं ज्या पाण्यासाठी, ते पाणी रीतसरही घालता येतं. मुंबई दूध योजनेच्या काळात, १९४६ च्या सुमाराला, दारा खुरोडींनी म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून टोन्ड दूध तयार केलं. उद्देश चांगला होता; दूध थोडं आणि पिणारे फार. पुढे आरे कॉलनीचं दूध काचेच्या बाटल्यांतून मुंबईभर गेलं आणि १९६३ साली खुरोडींना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गणित सोपं आहे. म्हशीचं दूध साधारण ६ टक्के फॅटचं. त्यात तितकंच पाणी ओतलं की फॅट ३ टक्के. टोन्ड दुधाला नेमकं तेवढंच लागतं. पण बाकीचा घन भाग ८.५ टक्के राहायला हवा, आणि पाण्याने तोही निम्मा होतो. म्हणून भुकटी. हे मी दूधवाल्याला समजावून सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे काका, आमची फक्त पावडर राहते."

हे सगळं टाळायचं म्हणून अर्ध्या इमारतीने पिशवीचं दूध लावलं. पिशवी सीलबंद, छापील, चौदा आकडी. मग पेपरात मुंबईतल्या धाडींच्या बातम्या येऊ लागल्या: नामांकित कंपनीच्या पिशवीचा कोपरा ब्लेडने कापायचा, थोडं दूध काढायचं, तेवढंच पाणी भरायचं आणि कोपरा मेणबत्तीवर धरून पुन्हा चिकटवायचा. कंपनीचं नाव कायम, फॅट गायब. विम्को नाक्यावर राहणाऱ्याला यात एक खिन्न अभिमान वाटतो, कारण कधीकाळी देशभरातल्या मेणबत्त्या आमच्याच विम्कोच्या आगपेटी कारखान्याच्या काड्यांवर पेटत. तेव्हापासून आमच्याकडे पिशवी घेताना चारही कोपरे चिमटीत धरून तपासले जातात. दुकानदार चिडतो. त्याचं म्हणणं, इतकं दाबल्यावर धड पिशवीही फुटेल. फुटतेच. आणि रिकाम्या पिशवीचं काय? २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली ती ५० पैशांना परत घेण्याच्या अटीवर. आता पन्नास पैशांचं नाणं आणायचं कुठून, हा वेगळा विभाग.

एक आकडेवारी मात्र आमच्या इमारतीला सहन झाली नाही. प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातल्या ११०३ शहरांतून दुधाचे ६४३२ नमुने तपासले. भेसळीचे निघाले १२. मी हे जिन्यात मोठ्याने वाचून दाखवलं आणि एकदम शांतता पसरली. आप्पा म्हणाले, "बारा टक्के?" म्हटलं, "नाही, बारा. नगाला नग." त्यातले नऊ तेलंगणातले, दोन मध्य प्रदेशातले, एक केरळचा; महाराष्ट्राचा एकही नाही. काकूंना तर तो व्यक्तिगत अपमान वाटला. तीस वर्षं ज्या दुधाला नावं ठेवली ते निर्दोष? "सर्वेवाले आमच्याकडे आलेच नसतील," असा तोडगा निघाला तेव्हा कुठे सगळे घरी जेवायला गेले.

पुढचं कोणी ऐकलंच नाही. त्याच पाहणीत साधारण ४१ टक्के नमुने फॅट किंवा घन भागासारख्या कुठल्या ना कुठल्या निकषात कमी पडले होते. म्हणजे पातळपणाबद्दल काकूंचं तसं बरोबरच होतं. पण काही नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं, बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून दुधात उतरणारं विष. आणि काहींत जनावराला टोचलेल्या प्रतिजैविकांचे अंश. ते उकळून जात नाहीत, लॅक्टोमीटरला कळत नाहीत, नखावर ओघळत नाहीत. दूधवाल्याला आजवर एकाही माणसाने, "भाऊ, पेंड कुठे ठेवता? कोरड्यात का ओल्यात?" असं विचारलेलं नाही. वांगणीहून पश्चिमेला पोचेपर्यंत मे महिन्यात तो कॅन किती तापतो, हेही नाही. पाण्यावर भांडता येतं, पाणी दिसतं, आणि खरं सांगायचं तर दुधात सगळा नळ ओतला तरी त्यातून होणारं नुकसान मुख्यतः खिशाचं असतं. बुरशीवर कोणाशी भांडायचं? म्हशीशी?

बाकी दुधावरच्या छापील मजकुराबद्दल सरकारचंही मन कधी कधी डळमळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने फर्मान काढलं, की पिशवीवर ए-वन, ए-टू असले दावे छापू नयेत, ते दिशाभूल करणारे आहेत. पाचव्या दिवशी फर्मान मागे घेतलं. आमच्या शेजारच्या विंगेत देशी गाईचं ए-टू दूध दीडपट भावाने घेणारं एक कुटुंब आहे. मधले चार दिवस ते आमच्याशी फार नम्रतेने वागत होते.

शेवटी सेक्रेटरींनी दुधाचा विषय सोसायटीच्या सभेत घेतलाच. दूधवाल्यालाही बोलावलं होतं. तो हात बांधून दाराशी उभा. आप्पांनी शेकरसह निवेदन केलं. ठराव मांडला गेला, की दररोज सकाळी गेटवर दोन सभासदांच्या साक्षीने दूध तपासलं जावं. साक्षीला कोण, म्हटल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की आपल्याला सकाळची शिफ्ट असते. ज्यांना शिफ्ट नव्हती त्यांचे गुडघे दुखत होते.

तेव्हा दूधवाला पुढे आला. म्हणाला, "तुमची तपासणी बरोबर आहे. मी असं करतो, उद्यापासून वेगळा कॅन आणतो. बिनपाण्याचं, मलई न काढलेलं, म्हैस पिळली की थेट कॅनमध्ये. आप्पांनी कधीही नळी टाकावी. लिटरला चौदा रुपये जास्त पडतील. रोजचंही आणतोच, रोजच्याच भावाने. कोणाला कुठलं लिहू?"

आणि त्याने खिशातून डायरी काढली. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे साय कोणी खात नाही, रोजचंच लिहा. शेजारच्यांना डॉक्टरांनी फॅट बंद सांगितलं होतं. कोणाच्या मुलांना दाट दूध पचत नव्हतं, कोणाला चहा जास्त दाट झाला की पित्त होत होतं. आप्पांनी डायरीकडे, मग शेकरकडे पाहिलं आणि म्हणाले, मी या वयात फक्त कोरा चहा घेतो.

वादावादीनंतर ठराव दुरुस्त होऊन एकमताने संमत झाला. तपासणीचं दूध सोसायटीने रोज अर्धा लिटर घ्यावं, आप्पांनी ते तपासून नोंदवहीत आकडा लिहावा, तपासलेलं दूध वॉचमनला द्यावं आणि सभासदांनी रोजचं दूध घ्यावं. खर्च देखभाल व दुरुस्ती या सदराखाली टाकायचा.